बिराजदार सरांचा कराचा वर्ग

देवघरातलं निर्माल्य आणि वर्गातले किस्से सारखेच. रोज साचतात, पायदळी टाकवत नाहीत, आणि ठेवायचे कुठे तेही कळत नाही. आमच्या बिराजदार सरांचे तर माझ्याकडे टोपलीभर झालेत.

सर उदगीरकडचे. नांदेडच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायचे, म्हणजे तास झाला तर पगार. विद्यापीठाचा 'कर आणि न्याय' नावाचा रविवारचा छोटा कोर्स त्यांच्याकडे आला होता. अट एकच : परीक्षेला दहा जण बसले पाहिजेत. नाहीतर कोर्स बंद, आणि सरांचे तासही बंद.

म्हणून सर विद्यार्थी शोधत दारोदार फिरत होते. आमच्याकडे आले तेव्हा माझा सोमवारचा उपास, पूजा चाललेली. ह्यांना वाटलं वर्गणी मागायला आलेत. ह्यांनी न विचारताच खिशातून नोट काढून पुढं केली.

"पैसे नकोत, माणूस पाहिजे," सर कसनुसं हसून म्हणाले.

ह्यांनी नोट परत खिशात घातली आणि माझ्याकडं बोट केलं. "मग हिला न्या. बी.ए. हाय."

असा माझा प्रवेश झाला!

*

पहिल्या तासाला सरांनी विचारलं, कर कोण कोण भरतं? एकट्या शिवकांत अप्पांनी हात वर केला. अप्पा लातूरचे जुने दुकानदार, आता मुलाकडं नांदेडला राहतात. सर माझ्याजवळ आले आणि येताना काय घेतलं ते विचारलं. पिशवीत अंगाचा साबण होता. मग त्यांनी समजावलं, की त्या साबणाच्या किमतीतच कर असतो, म्हणजे काकूंनी आज सकाळीच कर भरला.

मला इतकं बरं वाटलं! आयुष्यभर कागदावर 'गृहिणी, उत्पन्न निरंक' लिहीत आले, आणि देशाच्या खजिन्याला माझाही हातभार लागून राहिला होता. संध्याकाळी हौसेनं ह्यांना सांगितलं.

"तू कुठून भरती?" हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "पैसे तर माझे."

*

एकदा सर म्हणाले, ज्याची जितकी ताकद तितका त्यानं भार उचलावा. मला गावाकडचा भंडारा आठवला. कोणी पोतंभर गहू देतं, कोणी ओंजळभर, जेवण मात्र सगळ्यांना सारखं. मी तसं सांगितलं. सरांनी ते फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

अप्पा मागून म्हणाले, "जेवण सारखंच हो. पण पोतं देणारा पहिल्या पंगतीला बसतो, अन् ओंजळवाला खरकटं काढायला."

सरांनी एक रेघ पुसली.

*

पुढं वर्ग गळायला लागला. कोणाची बदली झाली, कोणाचं लग्न ठरलं. आठच उरलो. सरांचा चेहरा बघवेना. घरी लहान लेक, बायकोचं दुखणं. मी त्यांच्यासाठी सोळा सोमवार धरले. आमच्यातली सुनीता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची, तोंडाची फटकळ. तिला ते कळलं.

"काकू, महादेवाला कशाला त्रास देता? तुमच्या भजनी मंडळातल्या दोघी आणा की."

आणल्या. सरांनी आतापर्यंतचं सगळं त्यांना जादा तास घेऊन शिकवलं. त्यातली एक पहिल्याच तासाला भिंतीला टेकून घोरायला लागली. मी लाजेनं तिला हलवायला गेले, तर सर दबक्या आवाजात म्हणाले, "झोपू द्या काकू. हजेरी लागली, तेवढं पुरे."

मी मात्र उपास सोडले नाहीत. महादेवानंच सुनीताच्या तोंडून सांगितलं असेल, कोणाला माहीत!

*

परीक्षेला दहाच्या दहा जण बसलो. घोरणारीसुद्धा पास झाली. पेढे घेऊन कॉलेजात गेलो, तर सरांची खोली बंद. शेजारच्या मॅडमनी सांगितलं, की पुढच्या वर्षी हा कोर्स ठेवायचा नाही असं वरून ठरलंय. दहाची अट? ती या वर्षापुरती होती म्हणे.

पेढ्यांचा पुडा माझ्या हातात तसाच. जिना उतरताना अप्पा म्हणाले, "आपण सगळे पास झालो. सर तेवढे नापास."

मी राहिलेले सोमवार पूर्ण केले. उद्यापनाचा चुरमा करताना मन सारखं म्हणत होतं, कुठंतरी लागले असतील सर, शिकवूनच राहिले असतील.

*

परवा माहेरी, नायगावला गेले होते. आठवडी बाजारात उपासाची रताळी निवडत होते, तर ठेकेदाराचा माणूस बाजाराच्या पावत्या फाडत आला. वर बघितलं तर सर! गळ्यात पिशवी, हातात पावतीबुक. त्यांनी घरच्यांची खुशाली विचारली. मी हाव, हाव, बरं हाय सगळं म्हणत राहिले. पुढं काही विचारायचा धीर झाला नाही.

त्यांनी कांद्याचा टेम्पो लावलेल्या व्यापाऱ्याची पावती फाडली. शेजारीच एक म्हातारी पोत्यावर कढीपत्त्याच्या चार जुड्या मांडून बसली होती. तिच्यासाठीही सर तेवढ्याच रकमेची पावती लिहायला लागले.

म्हातारीनं एकदा टेम्पोकडं बघितलं, एकदा आपल्या जुड्यांकडं. "त्याला बी इतकीच अन् मला बी इतकीच? असं कसं वो साहेब?"

सर तिच्यासमोर उकिडवे बसले.

"प्रश्न चांगला आहे, मावशी," ते म्हणाले.

आणि पावती फाडून तिच्या जुडीखाली ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून.