पेन्सिलीनं वर केलेला ओठ

अन्याय माझ्यावर झाला. १९९४ साल, जानेवारीतला सोमवार, सकाळचे अकरा. पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेचं पटांगण. मी दहावीत, शाळेच्याच बोर्डिंगात राहणारी.

व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता. संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी पाहुण्या. त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणायचे. त्यांनी मला पुढं बोलावलं. "तोंड उघड." मी उघडलं नाही. त्यांनी टेबलावरची पेन्सिल घेतली आणि तिच्या टोकानं माझा ओठ वर केला. बोट लावलं नाही. बौद्धवाड्यातली ना मी.

"बघा गं, दात आहेत का कोळसा? ह्या लोकांत हे पाळण्यापासूनच असतं."

मुली हसल्या. माझ्या बाकावरची मैत्रीणसुद्धा.

मिसरी मी लावत होते, खोटं कशाला बोलू? तव्यावर जाळलेल्या तंबाखूची पूड. पण पाळण्यापासून नाही. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. आईबाप ऊसतोडीला, मी बरोबर, धाकटीला सांभाळायला. ती तापानं माझ्या मांडीवर गेली. दुपारी पुरली. दुसऱ्या दिवशी आई परत फडात. मी पाचटाच्या कोपीत एकटी, मांडी तशीच घालून बसलेली. संध्याकाळी आईनं आपली डबी उघडली, माझ्या बोटावर चिमूट ठेवली. "लाव. मग लई इचार येत न्हाईत." डोकं गरगरलं. आणि खरंच, घटकाभर धाकटी दिसायची थांबली.

आईला दुसरं औषध ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

कार्यक्रमाआधी वहिनीसाहेबांना पाणी मीच दिलं होतं. तेव्हा त्या आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, सांगत होत्या, "आमची बेबी गेल्यापासून गोळीशिवाय डोळा लागत नाही हो." मोठ्या बाई हळू म्हणाल्या, "घ्या हो. मनाला आराम पाहिजेच."

ओठाखालची पेन्सिल मी हातानं बाजूला केली. म्हटलं, "वहिनीसाहेब, तुमची बेबी गेली म्हणून तुमी गोळी घेता. माझी बी बहीण गेलीय."

त्यांचा चेहरा पांढरा. मग एवढंच म्हणाल्या, "हिला बाहेर काढा."

शाळेनं सांगितलं, आईबापाला आण, माफी माग, तरच परीक्षा. आईबाप फडात. माफी मी मागितली नाही. मार्च आला तेव्हा माझ्या हातात कोयता होता. मिसरी वाढली. चारदा सोडली, चारदा धरली. आजही डबी कमरेला आहे. मिसरी वाईटच, मीच सांगते. पण डबी टाकली की धाकटी परत मांडीवर येते, तिचं काय करू?

आता मी वाड्या-वस्त्यांवर मिसरी लावणाऱ्या बायांकडं जाते. दात बघत नाही. विचारते, "मावशे, कवापासून? आन् त्या दिवशी काय झाल्तं?" हौस म्हणून लावली असं अजून एकीनंही सांगितलं नाही.

तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर आहे का? नसेल तर मागा. येत्या ग्रामसभेत, उभं राहून मागा. आणि तो येईपर्यंत हे दोन प्रश्न तुम्ही विचारा. उत्तर संपेपर्यंत बसा.

बसायचं नसेल, तर पेन्सिल खाली ठेवा.