टाचेवरचा हात

मसनवटीतली वाट माही रोजची, तिथं मले कवाच काई दिसलं नाई. मनाले पटलं नाई तं मी देवाच्याही पाया पडत नाई. शाळा दुसरीपर्यंत... तरी हे लिहून राह्यलो, कारन हे माह्याच आंगावर घडलं.

गाव गुडीहत्नूरजवळ, आंध्र प्रदेशच्या टायमाची गोष्ट. ज्वारी उपनाचं काम माह्या हातचं. तिवईवर, म्हंजे तीन पायाच्या उंच लाकडी स्टुलावर, उभं राहाचं. खालून टोपलं आलं की वाऱ्यावर धार सोडाची, भुसा उडे अन् दाना खाली पडे. रास होयेपर्यंत खळ्यात बोलाचं नाई, ही आमची रीत. म्हनून माही बायको शांता टोपलं द्याच्या आंधी माह्या टाचेवर हात ठेवे. मी श्वास घेओ... मंग टोपलं.

शांता गेली अन् तिवईचा धाक बसला. चढलो की छाती धडधडे, अन् टोपलं न घेताच उतरो. आदिलाबादचा डॉक्टर म्हने, "दादा, ये टेन्शन है." मले राग आला. टेन्शन हापिसातल्या लोकायले होते! गोळ्या घेतल्या, पन कबूल केलं नाई.

सुगी आली. पोरगा म्हने, यंदा मशीन आनू. शेजारचा किसन खळ्यावर येऊन हसला, "काका, आता खाटेवर बसून भाकर खा."

ते लागलं. म्हनलं, उपननार तं मीच. नाई जमलं तं तिवई चुलीत घालजा.

चढलो. खाली नवी सून टोपलं घेऊन. डोळ्यापुढं अंधारी. उतरावंच म्हनलं — तेवढ्यात टाचेवर हात. खरबरीत, घामेजलेला. श्वास आपसूक आत गेला. हात निघाला, टोपलं आलं. दर टोपल्याले तसंच. अख्खी रास उपनली मी! किसन तोंडावरचा भुसा पुसत पाहातच राह्यला.

मंग सुनेले पुसलं, पोरी, टाचेची खूण तुले कोनं सांगतली?

"कोनती खूण, मामाजी? माहे दोनी हात टोपल्याले होते," सून म्हने. "मलेच कोनी मनगट धरून थांबवून राह्यलं होतं... मंग सोडे."

तिनं शांताले कवा पाह्यलंही नव्हतं.

डॉक्टर म्हने, टेन्शनमंदी आंगाची जुनी सवय जागी होते. असन. माह्या टाचेचं झालं. पन सुनेच्या मनगटाचं काय? त्यानं पुढच्या गोळ्या लिहून देल्या.

तिवई चुलीत गेली नाई. पुढच्या सुगीतही तिच्यावर मीच चढलो.