गंधकाच्या वावरात उतरलेली पेटी

नागसेन सव्वीस वर्षं आभाळात फुगे सोडत आला होता. नागपूरच्या एका संशोधन केंद्रात फुग्यात गॅस भरायचा, खाली हवेचे नमुने घेणारी पेटी बांधायची आणि ती पॅराशूटने उतरली की शोधून आणायची, हे त्याचं काम. वीस-पंचवीस किलोमीटरवर, पावसाच्या कितीतरी वर, गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब तरंगत असतात. ते समुद्रातून निघणाऱ्या वायूपासून झाले, ज्वालामुखीच्या धुरापासून, की आपल्याच कारखान्यांच्या धुरांड्यांमुळे, हे केंद्रातल्या शास्त्रज्ञ अपेक्षा मॅडम शोधत होत्या. आधीच्या दोन पेट्या हरवल्या. ही तिसरी, शेवटची. हीही गेली तर मॅडमचं चार वर्षांचं काम संपणार होतं.

पेटी भिवापूरजवळ मिरचीच्या वावरात उतरली. नागसेन बांधाचा आधार घेत वर चढला. अर्धं वावर पिवळं झालं होतं. भुरी रोगावर गंधकाची भुकटी मारणं चाललेलं. तिचा एक कण जरी पेटीत गेला, तरी वरच्या गंधकाचा हिशेब चुकणार होता.

बांधावर वावराचे मालक चंपतराव पाठीवर पंप घेऊन बसले होते. "तुमीच का पेटीवाले? दोन घंट्यांपासून बसवून ठेवलं हिनं मले."

त्यांची बायको प्रयागबाई गाठोडं घेऊन आली. "वरून येतानाच दिसली, भाऊ. म्या म्हटलं, थांबवा गा पंप! तिकडं हिरव्यात पडली. पेटीवर लिवलं होतं, धूळ लागू देऊ नका. गंधक म्हंजे धूळच ना? मंग धुतल्या लुगड्यात बांधली."

नागसेनला राहवेना. झाकण नीट बसलंय का, ते पाहायला त्यानं गाठीला हात घातला.

"हात पाहा आधी आपले!" प्रयागबाई ओरडली.

बांधावरच्या भुकटीनं त्याचे तळवे पिवळेजर्द झाले होते. सव्वीस वर्षांचा जाणता माणूस, आणि सगळं तोच नासवणार होता. त्यानं हात मागं घेतला.

"गाठ हापिसातच सोडा," ती म्हणाली आणि गाठोडं स्वतः गाडीत ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी नागसेन प्रयोगशाळेच्या काचेबाहेर उभा राहिला. आत गाठ सोडल्यावर दिसलं, झाकण नखभर उघडं राहिलं होतं. तासाभरानं अपेक्षा मॅडम बाहेर आल्या. "भुकटीचा एकही कण नाही, नागसेनदादा."

त्यानं प्रयागबाईला फोन लावला. "ताई, पेटी चांगली निघाली."

"मंग वरचं गंधक कोणाचं हाये?"

"ते आता शोधतील. तुमच्या वावरातलं नाही, एवढं पक्कं."

पुढं आभार मानायचे होते. तो शब्द त्याच्या तोंडी कधी बसलाच नव्हता, आणि तिच्यासमोर तर तो फारच तोकडा वाटला.

"जेवल्या काय, ताई?" त्यानं विचारलं.