राजा घरी असतो तो आठवडा

कपाटाची चावी खुर्चीवरच्या उशीवर ठेवून काका ती पर्यटकांपुढे धरायचे. कोणी उचलली, की दटावायचे, "ठेवा परत! राजा नुसता हात लावतो. शहर तुमचा हाय, तुमीच सांभाला, म्हनतो."

एडिंबराच्या राजवाड्यात राजा राहायला आला, की शहराच्या चाव्या त्याच्यापुढे धरायच्या आणि त्यानं त्या परत द्यायच्या, ही तिथली रीत. वाशीच्या आमच्या टूर कंपनीत स्कॉटलंडला निघालेल्या प्रत्येक ग्रुपला काका ती करून दाखवत. वर म्हणत, "आमच्याकडं शहर वसवायला आले, ते शेता घेऊन गेले. चावी दाखवायलापन कोन आला नाय." लोक हसायचे. काका हसत नसत.

काका शिरवण्याचे, नवी मुंबई वसवताना जमिनी गेल्या त्या गावांतलं एक. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल, ज्याच्या जिवावर सगळं चालतं आणि जो बढतीच्या वेळी कोणालाच आठवत नाही. कुठल्या राणीच्या चिटणिसाला तिच्याच जेवणाच्या खोलीत भोसकलं, बाल्मोरलला राजघराणं कधी मुक्कामाला येतं, सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतः मात्र विमानात कधी बसले नव्हते. दोनदा नवा केलेला पासपोर्ट ड्रॉवरमध्ये कोराच होता.

बुकिंग घेताना त्यांचा एकच प्रश्न असे, "राजा घरान हाय का, ते बघितलास?" कारण राजा आला, की राजवाडा लोकांना बंद.

मी नवीन असताना एका कुटुंबाचं बुकिंग चुकवलं, तेव्हा शेठची बोलणी त्यांनी स्वतःवर घेतली. मला म्हणाले, "रडू नको पोरी, भाकर खा."

गेल्या वर्षी नेरूळच्या निवृत्त शिक्षकांचा ग्रुप होता. काकांचं भाषण झालं आणि नंतर शेठनं तारखा बदलल्या, तिकिटं स्वस्त मिळतात म्हणून. नेमका राजा घरी असतो तो आठवडा. काका शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठ म्हणाले, "टेन्शन नका घेऊ काका. या वेळी ग्रुपबरोबर तुम्हीच जा. खूश?"

काका खूश झाले, लहान मुलासारखे. पण लोकांना फसवून जायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी मला पत्र सांगितलं : राजवाडा बाहेरूनच दिसेल, ज्यांना यायचं नसेल त्यांनी कळवावं. प्रत्येकाला कुरिअर करायला सांगून ते व्हिसाच्या कामाला गेले.

मी पत्रं शेठना दाखवली. ते म्हणाले, "ही बाहेर गेली तर तूही बाहेर." माझं घर भाड्याचं, नवऱ्याची नोकरी गेलेली. मी पत्रं फाडली. काकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "पाठवली."

पुढचं मला ग्रुपमधल्यांच्या तोंडून कळलं. बंद फाटकाशी सगळे काकांवर तुटून पडले. काका म्हणत राहिले, "पत्र पाठवला होता तुमाला." एकाकडेही पत्र नव्हतं. एक बाई, तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या वयात खोटं बोलायला लाज नाही वाटत?" उरलेले दिवस काका बसमध्ये मागच्या सीटवर बसले. कुठल्याच राजवाड्याबद्दल बोलले नाहीत.

परत आल्यावर शेठनं काकांच्या नावानं माफीपत्र काढलं. तेही मीच टाइप केलं. सही करताना काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुरिअरवाल्यानं घोल केला असंल." त्यांना कळलं होतं. त्या दिवशी गेले ते परत आले नाहीत. दिवाळीनंतर शिरवण्याहून निरोप आला, काका गेले. ऑफिसातून कोणीच गेलं नाही. मीही नाही.

परवा त्या मुख्याध्यापिका बहिणीला घेऊन आल्या. बसता बसता त्यांनी विचारलं, "तो खोटारडा माणूस अजून आहे का हो इथे?"

शेठ केबिनमध्ये नव्हते. ऐकायला तिसरं कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हटलं, "आता ते नसतात." आणि फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.