शेवाळाच्या रानात विश्राम

दुपारची जेवणं झाली आहेत. बाहेरच्या खोलीत मकरंद मटार सोलतोय आणि मी आत पलंगावर आडवी पडले आहे, झोपायचं नाही असं ठरवून. दाणे स्टीलच्या पातेल्यात पडतायत. टप्. टपटप्. टप्.

"चारू, उद्या काय सांगणार आहेस त्यांना?" माझा नवरा तिकडूनच विचारतो.

"नाही म्हणून सांगणार."

"नक्की?"

मी भिंतीकडे कूस वळवते. हे आमचं आठवडाभर चाललंय. मालवणच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, पाण्याखालच्या खडकांवर सरगॅसम नावाच्या शेवाळाचं रान उगवतं. थंड समुद्रांत केल्प नावाच्या उंच शेवाळाची जंगलं असतात ना, तसलंच, आपल्याकडचं. पाऊस सरला की ते खडकाला धरतं, थंडीत माणसाहून उंच होतं आणि उन्हाळ्यात तुटून वाहून जातं. ते रान कसं आहे, दाट की विरळ, त्यात कोण राहतं आणि कोण सोडून गेलं, हे दर थंडीत पाण्यात उतरून, खडकावर चौकट टाकून, तिच्यातलं शेवाळ मोजून बघणं हे माझं काम होतं. माझं आणि विश्राम कुबलचं. मागच्या थंडीत विश्राम पाण्याखालीच वारला. त्यानंतर मी पुण्याला आले, ती परत समुद्राकडे फिरकलेली नाही. आता संस्थेचा निरोप आलाय : या वर्षी कुणीच उतरलेलं नाही, तुम्ही येता का? नाहीतर हे काम इथेच थांबवावं लागेल.

टप्. टपटप्. डोळे मिटलेले आहेत, तरी खिडकीतलं ऊन पापण्यांवर तांबूस दिसतंय. हळूहळू त्या तांबड्यात हिरवं मिसळतं. मटारचा आवाज वाढत जातो. एवढे दाणे कुठून आले? आता सगळीकडूनच तडतड ऐकू येतेय, कढईत फोडणी उडत राहावी तशी, आणि मग मला तो आवाज ओळखू येतो. खडकांच्या फटीत बोटाएवढ्या कोळंब्या असतात, त्या नांगी मिटून असा आवाज करतात. तो फक्त पाण्याखाली ऐकू येतो.

"काय गो, निजलीस?"

पलंगाच्या पायथ्याशी विश्राम बसला आहे. अंगात त्याचा तो कोपरांवर ठिगळं लावलेला, पाण्यात उतरायचा काळा सूट. केस ओले, पण पाणी गळत नाही. केसांच्या टोकांशी थेंब तसेच थांबलेत.

"नाही, पडले होते नुसती," मी म्हणते. तो आला आहे याचं मला काहीच वाटत नाही. स्वप्नात वाटत नाही तसं.

"मग ऊठ. गाडी लागलीय."

मी पाय खाली सोडते, तर खाली फरशी नाही, एसटी स्टँडचा फलाट आहे. कुडाळचा. गाड्या लागल्या आहेत, पण माणूस नाही. फलाटाच्या भेगांमधून शेवाळ उगवलंय. बाकड्यांच्या मधून, रसवंतीच्या चरकातून. सोनेरी-तपकिरी, माझ्या खांद्याइतकं. पानांखालचे हवेचे फुगे मण्यांसारखे लोंबतायत. वारा नाही, तरी सगळं एकदम डावीकडे झुकतं, थांबतं, मग सगळं एकदम उजवीकडे.

"कधीपासून आलंय हे इथे?" मी विचारते.

विश्राम माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघतो. रुग्णाच्या खाटेशी बसलेली माणसं बघतात तसा.

"तू येतेस तेव्हा येतं," तो म्हणतो.

गाडीत आम्ही दोघंच. कंडक्टरच्या जागेवर कुणी नाही, पण घंटी दोनदा वाजते आणि गाडी निघते. खिडकीबाहेर काहीच सरकत नाही. विश्राम माझ्या हाताकडे बघत राहतो, पण हात धरत नाही.

"त्रास होतो का तुला?" तो हळूच विचारतो.

"कसला?"

"असाच. तिथे. थंडी वाजते का?"

"पुण्यात असते जरा थंडी या दिवसांत."

तो मान हलवतो. समजून घेतल्यासारखं हसतो. मला ते हसणं आवडत नाही.

गाडीचं दार उघडतं ते थेट त्याच्या घरात. धुरीवाड्यातलं त्याचं घर. मी तिथे किती वेळा जेवले आहे. तोच निळा सोफा, तोच टीव्ही, त्यावर त्याच्या बायकोने, प्रणिताने विणलेला रुमाल. भिंतीवर एक फोटो आहे. त्याला चंदनाचा हार घातलाय. मी जवळ जाते. बोटीच्या कडेला बसून हसणारी एक बाई, केस ओले, नाकावर ऊन.

मीच आहे ती.

"हा तूच काढला होतास," मी म्हणते.

"चांगला आलाय ना? तुझ्या घरच्यांनी पुण्यात काय ते केलं असेल. आम्ही आपलं इथे पान वाढून ठेवलं. प्रणिताने खापरोळ्या केल्या होत्या. तुला आवडतात म्हणून." तो घसा खाकरतो. "चारू, तू त्या दिवशी वर आलीसच नाहीस. मी खूप शोधलं गो तुला. हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं होतं."

मी माझे हात बघते. हात माझेच आहेत, नखांखाली सकाळच्या कोथिंबिरीचा हिरवा रंग आहे. पण फोटोही माझाच आहे. आणि विश्राम कधी खोटं बोलत नाही.

"नाही," मी म्हणते. "तसं नाही झालेलं."

"सगळे असंच म्हणतात म्हणे सुरुवातीला."

आतून प्रणिता येते. हातात समई. ती खूप वाळली आहे. ती आमच्या मधून जाते, समई ठेवते, वात सारखी करते. माझ्याकडे बघत नाही. विश्रामकडेही बघत नाही.

"प्रणिता, चारू आलीय बघ," तो म्हणतो.

ती वळते आणि आत निघून जाते. तिच्या पदराचा वारा मला लागतो. त्याला लागत नाही. त्याच्या केसांवरचा एकही थेंब हलत नाही.

"हल्ली बोलतच नाही माझ्याशी," विश्राम म्हणतो. "रुसलीय कशावरून तरी. विचारलं तर उत्तर देत नाही. जाऊ दे. चल, तुला रान दाखवतो."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे पायऱ्या आहेत, खाली जाणाऱ्या. तिसऱ्या-चौथ्या पायरीला पाणी घोट्यांना लागतं, मग गुडघ्यांना, मग गळ्याला, आणि मग आम्ही आत आहोत. पाठीवर टाकीचं ओझं आहे, तोंडात नळी आहे. हे सगळं कधी चढवलं, आठवत नाही. पाण्याखाली बोलता येत नाही. विश्राम मात्र बोलतो आहे, आणि मलाही बोलता येतंय.

रान आहे. एवढं दाट मी मागच्या थंडीत पाहिलं होतं. वरून उन्हाचे तिरपे पट्टे आलेत आणि त्यांत पानं सोन्याची दिसतायत. बुंध्यांमधून एक निळा पोपटमासा येतो, खडकाला एकदा चोच मारतो आणि उजवीकडे निघून जातो.

"छान आहे," मी म्हणते. मला खरंच रडू येतं. "विश्राम, छान आलंय रे."

"हो ना? रोज येतो मी."

पोपटमासा परत येतो. त्याच बुंध्यांमधून. खडकाला एकदा चोच मारतो आणि उजवीकडे निघून जातो. मी बघत राहते. तो परत येतो. चोच मारतो. उजवीकडे जातो. शेवाळाचं एक पान तुटून वर जातं, आणि थोड्या वेळाने तेच पान, तिथूनच, पुन्हा तुटतं.

"विश्राम, हे काय आहे?"

"काय?"

"तो मासा."

"मासा असतोच तिथे."

मला ओरडावंसं वाटतं, म्हणून मी मोठा श्वास घेते आणि सोडते. पाण्याखाली श्वास कधी कोंडायचा नाही, हे अंगात मुरलेलं असतं. बुडबुड्यांचा एक झुबका माझ्या कानाजवळून वर निघतो. चंदेरी, लटपटत, पसरत. विश्राम मान वर करून त्यांच्याकडे बघत राहतो. ते पार वर जाऊन उजेडात फुटेपर्यंत.

"ते कुणाचे?" तो विचारतो.

"माझे."

मी आणखी एकदा श्वास सोडते. पुन्हा झुबका. तो बघतो. मग तो स्वतःच्या तोंडासमोर हात धरतो, थंडीत हाताला वाफ लावून बघतात तसा. पाणी स्वच्छ आहे. काहीच वर जात नाही.

मला त्याला सांगायचं नाहीये. त्याचं त्यालाच कळू दे असंही मला वाटत नाही. मी फक्त तिथे आहे आणि माझे बुडबुडे वर जातायत, आणि ते मला थांबवता येत नाहीत.

"म्हणजे मी," विश्राम म्हणतो.

"हो."

"त्याच दिवशी?"

"हो. चौकट धरून होतास तू, मोजायची. मला वाटलं मोजतोयस. हृदय थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंही नसेल."

"नाही कळलं," तो विचार करून म्हणतो. "तू आणलंस मला वर?"

"हो."

"जड होतो?"

"पाण्यात नाही. बोटीवर घेताना."

तो हसतो. त्याचं खरं हसणं, घशातलं. मग हसणं विरतं.

"म्हणजे प्रणिता रुसलेली नाही," तो म्हणतो.

पोपटमासा येतो, चोच मारतो, जातो.

"या वर्षी रान आलंय का गो?" विश्राम विचारतो. आवाज आता बारीक झाला आहे, लांबून आल्यासारखा. "मला हे जुनंच दिसतं. इथे काही वाढत नाही. रोज येतो आणि रोज हेच. गेल्या उन्हाळ्यात पाणी फार तापलं असणार. खडकाला नवीन धरलंय की नाही, तेवढं सांग."

"मला माहीत नाही."

"का?"

"मी उतरले नाही. तुझ्यानंतर कुणीच उतरलं नाही."

तो माझ्याकडे बघतो. रागावलेला नाही. त्यापेक्षा वाईट, एकटा दिसतो.

"मग आता थांब," तो म्हणतो आणि माझं मनगट धरतो. इतका वेळ त्याने मला हात लावलेला नव्हता. बोटं गार नाहीत, गरमही नाहीत, पाण्याइतकीच आहेत. "आता आलीयस तर थांब ना जरा. दोघं मिळून बघू. दोघांनी बघितलं तर कदाचित पुढचं दिसेल."

आणि मला थांबावंसं वाटतं. हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं, नंतर. रान मागे-पुढे डुलतंय, वरचा उजेड लांब गेलाय, आणि कामाला लागावं, चौकट टाकावी, मोजावं, एवढंच साधं वाटतंय. मी श्वास घेते. नळीतून येतो, पण ओढून घ्यावा लागतो. पुढचा त्याहून ओढून. बुडबुडे लहान झालेत. त्या माशासारखेच ते त्याच वाटेने वर जायला लागलेत.

विश्रामची नजर त्यांच्यावर आहे. मग तो माझ्या कमरेचा काटा हातात घेऊन बघतो. किती हवा उरलीय ते मला दाखवत नाही. त्याचा चेहरा एकदम कामाचा होतो. बोटीवर घाई असायची तेव्हाचा. मनगट सोडतो आणि मूठ माझ्या डोळ्यांसमोर धरून अंगठा वर करतो. आमच्यात त्याचा अर्थ एकच. वर जा. आत्ता.

"आणि तू?"

तो अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतो. मी ठीक आहे.

"मी बघून येते," मी म्हणते. "या वर्षी. बघून तुला सांगते."

"सावकाश जा," तो म्हणतो. "श्वास सोडत जा."

मी श्वास सोडत वर जाते. खाली बघते तेव्हा तो रानात उभा आहे. रान डावीकडे झुकतं, तोही झुकतो. रान उजवीकडे झुकतं. मग नुसतंच रान आहे. वरचा उजेड तांबडा व्हायला लागतो, कानात कळ येते, मोठी, आतून कुणी बोट घातल्यासारखी—

मी पलंगावर उठून बसले आहे. तोंड उघडं, दम लागलेला. ऊन भिंतीवर चढलंय. मकरंद दारात उभा आहे.

"काय झालं? ओरडलीस तू."

मला त्याचा आवाज एकाच कानाने ऐकू येतोय. उजवा कान दडे बसल्यासारखा बंद आहे. हे मला माहीत आहे. पाण्यातून वर आल्यावर तासन् तास असं होतं. मी डोकं उजवीकडे कलतं करते, तळव्याने कानशिलावर दोनदा मारते. आत काहीतरी सुटतं आणि कोमट पाणी कानातून मानेवर ओघळतं. थेंबभर नाही, चांगलं बोट ओलं होईल एवढं. उशीच्या अभ्र्यावर डाग पसरतो.

"घाम आहे," मकरंद म्हणतो. "पंखा लावू?"

मी बोट जिभेला लावते. मग हात त्याच्यापुढे करते. तो आधी हसतो, मग माझा चेहरा बघून हसायचं थांबतो. स्वतःच्या बोटाने माझ्या मानेवरचं ओलं टिपतो आणि चाखतो.

घाम नुसता खारट असतो. समुद्राचं पाणी मागून कडू लागतं. जिभेच्या मुळाशी, बराच वेळ.

मकरंदला गिळायला वेळ लागतो. तो पलंगाच्या कडेला बसतो, ओल्या डागावर हात ठेवतो, आणि विचारतो, "कधी निघायचं?"