रुमालाखालचा रुपया

सांगलीच्या पेठेत आजवर जेवढी हळद आली असेल, तेवढे शब्द माझ्या मामेसासऱ्यांनी एकट्या डिजिटल रुपयावर खर्च केले आहेत. खोटं वाटत असेल तर त्यांच्याबरोबर एकदा एस.टी.नं कोयनानगरला जाऊन या. मी गेलोय. कऱ्हाड यायच्या आत कंडक्टर घायकुतीला आला होता, आणि घाटात एक बाई खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकत होती, तर हे तिच्या पाठीला समजावत होते. सारी हयात हळदीच्या अडतीवर गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात, नातवंडं खेळवतात. यांनी फोन घेतला, बँकेतल्या साहेबाला महिनाभर भंडावून सोडलं आणि सगळं समजून घेतलं. ते समजलेलं पोटात ठेवणं मात्र त्यांना जमेना.

समजावण्याची त्यांची रीतही पेठेतलीच. पूर्वी हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि अडत्या रुमालाखाली हातात हात घालत, बोटं दाबत, आणि भोवतीच्या पन्नास माणसांना काही न कळता सौदा ठरे. ठरला की मोडत नसे. मामा खांद्यावरचा टॉवेल काढत, समोरच्याचा हात धरून त्याखाली घेत आणि सुरू करत. फोनवरून आपण एरवी पैसे देतो ती बँकेला दिलेली चिठ्ठी, माझ्या खात्यातले काढ आणि याच्या खात्यात घाल. डिजिटल रुपया ही मात्र नोटच, सरकारनंच काढलेली, फक्त कागद नाही. खिशातून खिशात जाते तशी फोनातून फोनात जाते. मग समोरच्याची दोन बोटं दाबून ते शेवटचं वाक्य टाकत, “दिसत न्हाई म्हणून खोटं न्हाई.” त्यांनी न्हाव्याला हे सांगितलं तेव्हा अर्ध्या गालावर साबण तसाच वाळला होता. भडंगवाल्याला तर इतकं पटलं की त्यानं गिऱ्हाइकं थांबवून पुन्हा एकदा ऐकलं. मी त्यांची टिंगल करायचो, पण खरं सांगतो, शिकल्यासवरलेल्या मला डिजिटल रुपया कळला तो त्या कळकट टॉवेलाखालीच.

उंब्रजला त्यांची धाकटी बहीण राहते, म्हणजे माझ्या बायकोची मावशी. यजमान फौजेत होते, ते गेल्यावर पेन्शनीतून पैसे बाजूला टाकून तिनं गुडघ्याच्या ऑपरेशनची तजवीज केली होती. तिच्या नातीच्या बारशाला मामांनी भर मांडवात टॉवेल काढला. पाळण्यापाशी बसलेल्या बायकासुद्धा इकडे येऊन बसल्या. मीही हसून टाळ्या वाजवल्या, हे आज सांगायला जड जातं.

पुढच्याच महिन्यात मावशीच्या फोनवर कुणाचा तरी निरोप आला, डिजिटल नाणं घ्या, तीन महिन्यांत दुप्पट. तिनं ऑपरेशनचे सगळे पैसे पाठवले. फोनात आकडा रोज वाढत होता. एके सकाळी ते ॲप उघडेना आणि त्या माणसाचा फोनही लागेना.

कळल्यावर मामा पहिल्या गाडीनं निघाले, मी साताऱ्याहून पोचलो. कऱ्हाडला जाऊन तक्रार दिली, आणि परत आल्यावर मामांचा धीर सुटला. ते मावशीवर चिडले. सरकारचा रुपया कुठं आणि हे कुण्या उपटसुंभाचं नाणं कुठं! अगं, रुमालाखाली हात घालायच्या आधी माणूस कोण हाय ते बघतात का न्हाई?

मावशी भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, “आण्णा, ते तुमी कवा सांगितलं? दिसत न्हाई म्हणून खोटं न्हाई, एवढंच सांगितलंसा. आन् मी माणूस बघितलाच की. तुमाला बघून तर पैसं टाकलं.”

मामा खाली बसले. पेठेत अनोळखी माणसाशी कुणी हात मिळवतच नसे, त्यामुळे ही गोष्ट वेगळी सांगावी लागते हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. त्या बिचाऱ्यानं एकही शब्द खोटा सांगितला नव्हता.

पैसे अजून मिळालेले नाहीत. मावशी पायरी चढताना आधी एक पाय ठेवते, थांबते, मग दुसरा. मामा दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जातात, पण एस.टी.त गप्प बसून. लग्नाकार्यात कुणी विषय काढलाच तर आपल्याला त्यातलं काही कळत नाही म्हणतात आणि पंगतीत वाढायला उठतात.

गेल्या रविवारी सांगलीला गेलो होतो. घर इतकं गप्प होतं की मला राहवेना. जो प्रश्न दुसऱ्या कुणी मामांना विचारला की मी मागच्या दारानं पळायचो, तो मीच विचारला, “मामा, ते डिजिटल रुपयाचं नेमकं काय असतं हो?”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

“जावईबापू,” ते हळूच म्हणाले, “तुमाला कुणी फसीवलं का?”