मागच्या चाकावरचं कुंकू

मुलांनो, तुम्हाला मी नेहमी इंग्रजीत लिहिते. आज मराठीत लिहिते आहे. का, ते शेवटी सांगेन. पुढे जे आहे ते मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. तुमच्या आजोबांजवळ नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. देवापुढे तर नाहीच. तेही कळेल.

धाकट्या, मागे तू फोनवर सांगितलंस की तुझ्या सायकलचा गियर अडकतो आणि आई त्याला हात लावायला तयार नाही. "आई म्हणते, तिच्या हाताला यश नाही," असं म्हणून तू हसलास. मीही हसले. मग फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. गॅसवर काही नव्हतं, तरी उभी राहिले.

तुमच्या आईच्या हाताला यश नव्हतं? नलूच्या हाताला?

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, हे तुम्ही जन्मापासून पाहता आहात. कॉलेज संपल्यावर सायकलवरून पडले, चूक माझीच होती, असं तिनं तुम्हाला सांगितलं आहे. तिला तेच ठाऊक आहे.

सायकल तुमच्या आजोबांची. दंडूत — कॅन्टोनमेंटला आमच्या घरात इथल्या कानडीप्रमाणे दंडूच म्हणत — कुणी गाव सोडून जाणारा साहेब ती त्यांच्या वडिलांना देऊन गेला होता. काळी, जड, आणि मागच्या चाकाच्या आसात तीन गियर. हँडलवर एक लहानशी दांडी, तिच्यावर एक-दोन-तीन. दर रविवारी सकाळी आजोबा अंगणात वर्तमानपत्र पसरायचे, सायकल उलटी करायचे आणि नलूला हाक मारायचे. ब्रेकचे रबर झिजले की ती दोघं ते फिरवून लावत, तार ओढून धरत, चाक फिरवून कान लावत. ग्रीसचे हात एकमेकांच्या नाकाला पुसत. मी चहा घेऊन जायची. "ठेव तिथं," असं म्हणत दोघंही. मान वर न करता.

एवढंच. पण हे एवढंच मला खुपायचं, आणि हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझी कपाटं नीट, वह्या नीट, घरातला प्रत्येक डबा आपल्या जागी. माझ्या मुलीनं इंग्रजीत एम. ए. करावं असं मी ठरवलं होतं. तिनं माझ्या नकळत — आजोबांच्या नकळत नव्हे — यंत्रं दुरुस्त करण्याचा डिप्लोमा घेतला. नव्वदीची पहिली काही वर्षं असतील. कोरमंगलात तेव्हा निम्म्या जागा रिकाम्या होत्या, आणि त्यातल्या एका शेडमध्ये, सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यात, तिला प्रशिक्षणाला घेतलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून हजर व्हायचं होतं. सायकलवरून जाणार, म्हणाली.

माझी धाकटी जाऊ पद्मा हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर म्हणाली, "काय हो अक्का, जावयाला रुखवतात पाने-पक्कड मांडणार म्हणे?" सगळ्या हसल्या. नलूही हसली. "मांडू की काकू, तुमचा मिक्सर पण स्वल्प बघून देते, आणा उद्या." मला हसता आलं नाही. पण पद्माला मी यात ओढणार नाही. ती थट्टा करून विसरली. मी विसरले नाही, हा माझा स्वभाव.

आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे इथली आयुधपूजा. आदल्या दिवशी सगळी हत्यारं, वाहनं स्वच्छ करायची, नवमीला पुजायची, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईतो त्यांना हात लावायचा नाही. त्या वर्षी आदल्या दिवशी आजोबा मुद्दाम पाटावर बसून राहिले आणि म्हणाले, "आज सगळं तू करायचं. मी बघतो फक्त."

मी दारात तांदूळ निवडत होते. नलूनं ब्रेक केले, दोन्ही. मग मागच्या चाकाकडे वळली. आसातून एक बारीक साखळी बाहेर येते, ती गियरच्या तारेला जोडलेली असते, आणि तिची ओढ एका छोट्या नटानं जखडून ठेवायची असते. आजोबा म्हणाले, "इथं नीट बघ. ही स्वल्प सैल राहिली तर चालवताना कळत नाही. पण चढावर उभं राहून जोर लावलास की दुसरा गियर सुटतो. पॅडल एकदम मोकळं फिरतं, माणूस तोंडावर जातं."

"सरी, अण्णा, बरं. आणखी एकदा आवळते." तिनं आवळला. चाक फिरवून पाहिलं, दांडी एकावरून तीनावर नेऊन पुन्हा पाहिलं. आजोबा म्हणाले, "माझ्यापेक्षा बरं केलंस." आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं — मी तिच्या कुठल्याही निबंधाला कितीही चांगलं म्हटलं असतं, तरी ते आलं नसतं.

हे सगळं मी ऐकलं. तांदूळ निवडताना ऐकलं, नीट ऐकलं. पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मला यंत्रातलं काय कळतं.

नवमीला पूजा झाली. सायकलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. नलूनं प्रत्येक जोडावर कुंकवाचा ठिपका लावला. त्या नटावरही, अर्धा नटावर आणि अर्धा साखळीवर येईल असा. हत्यारं देवापुढे केळीच्या पानावर मांडली होती. दुपारी जेवून दोघं आडवी झाली. मी देवघरात गेले. फुलांखालून लहान पाना काढला. त्या दिवशी त्याला हात लावायचा नसतो, हे मीच नलूला लहानपणी शिकवलं होतं.

नट सैल केला. साखळी थोडी ढिली केली, आणि नट पुन्हा बोटानं बसवला. पाना पुसून पानावर ठेवला, त्याच्यावर तीच फुलं, तशीच. मी नीटनेटकी आहे.

मला काय हवं होतं? सायकल त्रास देईल, पहिल्याच दिवशी उशीर होईल, बोलणी बसतील, ती कंटाळेल — असं काहीतरी. आणि आजोबा म्हणतील, नीट केलं नव्हतंस. हेच मुख्य. त्यांच्या तोंडून हे एकदा मला ऐकायचं होतं.

चढ? चढ त्या रस्त्यावर होता. मला माहीत होता.

दसऱ्याला आम्ही दिवसभर पद्माकडे होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नलू निघाली. मी डबा दिला. फाटकापर्यंत गेले. तिथून हाक मारता आली असती. ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत वेळ होता. मी हात हलवला.

चढावर ती पॅडलवर उभी राहिली, पॅडल मोकळं फिरलं, ती उजवीकडे पडली. मागून टेंपो येत होता. तो थांबला, पण हातावरून गेल्यावर.

दवाखान्यात तिला बोलता येऊ लागलं तेव्हा तिनं पहिलं काय विचारलं असेल? हाताचं विचारलं नाही. म्हणाली, "अण्णा, तो नट मीच सैल ठेवला ना?" आजोबा नुसते तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. "असू दे गं," म्हणाले. "मीच पुन्हा बघायला हवं होतं." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तिच्या पायावर माझा हात होता. तोंड उघडायला याहून जवळची जागा कुठली असते?

ती पडली त्याच संध्याकाळी कुणीतरी सायकल घरी आणून टाकली होती. मी एकटीच होते. नटावरचा ठिपका दोन ठिकाणी झाला होता — अर्धा नटासोबत फिरलेला, अर्धा साखळीवर तिथंच. आजोबांनी पाहिला असता तर एका नजरेत ओळखलं असतं, की पूजेनंतर नट कुणीतरी फिरवला आहे. मी पदर ओला केला आणि तो पुसून काढला. नट फिरवला ते रागात केलं असं तरी म्हणता येईल. हे पुसणं रागात नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नलूनं एम. ए. केलं, इंग्रजीत. डाव्या हातानं लिहायला शिकून. आता ती तिकडे शिकवते, चांगलं शिकवते असं ऐकते. आजोबांनी हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकली. रविवारी सकाळी ते माझ्याजवळ येऊन बसू लागले. चहा हातात घेत, माझ्याकडे बघून. मला हवं होतं ते सगळं मिळालं. ती दोघं पुन्हा कधी एकत्र अंगणात बसली नाहीत, कारण तिला वाटे त्यांचा विश्वास उडाला, आणि त्यांना वाटे आपणच तिच्यावर नको तेवढं सोपवलं. ते तसंच समजून गेले. शेवटच्या आजारपणातही मी त्यांच्या उशाशी होते. तेव्हाही नाही.

आता मराठीत का लिहिलं ते. तुम्हाला बोलता येतं, वाचता येत नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हीच वाचलं असतं आणि ते तुमच्यापाशी राहिलं असतं. हे तुमच्या आईलाच वाचून दाखवावं लागेल. तिच्याशी फोनवर मी हे बोलू शकले असते — दर आठवड्याला बोलतोच. नाही बोलले. तिच्याच तोंडून तिला ऐकवते आहे, तुमच्यासमोर. हा भित्रेपणाही त्याच जातीचा आहे, हे मला कळतं.

नलू, थांबू नकोस, एवढी ओळ वाच. नट तू घट्टच आवळला होतास.